दुपारच्या बाई

तिने कोटाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढला, सुईच्या टोकावर धरला आणि त्याला काडी लावली. धागा आक्रसला, काळा पडला. वर उठलेली धुराची बारीक रेघ तिने लेकीच्या नाकाखाली नेली.

“सांग.”

“केस,” खारू म्हणाली. “जळके केस.”

“बादली नाही ना?”

“बादली कालच्या स्वेटरची होती. हे केस.”

केस म्हणजे अस्सल लोकर, बादली म्हणजे नकली धागा. गेल्या थंडीत शेगडीजवळ ठेवलेली प्लॅस्टिकची बादली वितळली होती, तेव्हापासून खारूच्या लेखी जगातले सगळे खोटे धागे बादलीचे झाले होते. रफूच्या कामात ही परीक्षा सगळ्यात आधी करायची. लोकरीच्या भोकात भलता धागा भरला तर आज काही कळत नाही, पण एका धुण्यात तो वेगळा उठून दिसतो. पूर्वी ही परीक्षा ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, मान न वळवता उरकायची. आता नाक लेकीचं आणि हात आईचे, अशी वाटणी झाली होती.

तो ताप सगळ्या गल्लीला येऊन गेला होता. बाकीच्या घरांत तो थोडे दिवस राहिला आणि मागे खोकला ठेवून निघून गेला. तिच्याकडून जाताना मात्र त्याने हाताला लागेल ते नेलं. वास नेला, चव अर्धी नेली, जिने चढायचं बळ नेलं, आणि दार उघडंच टाकून गेला. साखरेचा आजार तिला शाळेत असल्यापासूनचा. त्याच्याशी तिचं जुन्या भाडेकरूशी जमतं तसं जमलेलं होतं. कटकट रोजची, पण सवयीची. ह्या नव्या पाहुण्याने जाता जाता त्या जुन्या भाडेकरूचेही कान भरले होते. एरवी ऐकणारी साखर आता मनाला येईल तशी वर-खाली व्हायची.

आणि ते धुकं. दुपारी खारूला बालवाडीतून घेऊन आलं की ती “पाच मिनिटं हं” म्हणून आडवी व्हायची. उठायची तेव्हा ऊन खिडकीच्या दुसऱ्या कडेला गेलेलं असायचं. मधलं काहीच आठवायचं नाही. आठवत नाही हेही चटकन लक्षात यायचं नाही, कारण दोन्ही कडा नीट जुळवलेल्या असायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना जे केलं ते आता कोणीतरी आपल्या दिवसांना करतंय, असं तिला वाटे. भोक होतं खरं, पण कुठे होतं ते बोट फिरवूनही सापडत नव्हतं.

तिने काडी फुंकून विझवली, ओठांवरून जीभ फिरवली आणि थबकली. ओठांचे कोपरे चिकट होते.

“खारू, मी झोपेत काही खाल्लं का गं?”

खारू आपल्या चिंधीच्या बाहुलीला मोजा घालण्यात गुंतली होती. “तू नाही खाल्लंस,” ती मान वर न करता म्हणाली.

पोर बालवाडीतच जेवून यायची. आपल्यापुरतं ताट वाढावं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरच्या दोरीला कपड्यांचे तीन लाल चिमटे लावलेले असत. ही युक्ती डॉक्टरीणबाईंची. “ताप गेला तरी काही महिने हे विसरणं राहील,” त्या म्हणाल्या होत्या. “डोक्यावर भरवसा ठेवू नका. सुई टोचली की लगेच काहीतरी हलवा, म्हणजे घेतली की नाही ते डोळ्यांना दिसेल.” सकाळी तिन्ही चिमटे दोरीच्या डाव्या टोकाला. प्रत्येक जेवणाआधी इन्शुलिनचं पेन टोचायचं आणि एक चिमटा उजवीकडे सरकवायचा. रात्री तिन्ही उजवीकडे पोचले की दिवस सुखरूप पार पडला.

आत्ता उजवीकडे दोन चिमटे होते.

ती बघत राहिली. एक सकाळचा, तो तिला आठवत होता. दूध उतू जात असताना घाईघाईने हलवलेला. दुसरा कोणी हलवला? तिने पदर सरकवून पोट पाहिलं. तिथे इतक्या वर्षांचे बारीक ठिपके, त्यांतला आजचा कोणता हे कोण सांगणार? वापरलेल्या सुया टाकायचा डबा हलवून पाहिला. तो खुळखुळला, बस्स. विसरलात तर अंदाजाने दुसऱ्यांदा टोचून घेऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती तशीच जेवली. संध्याकाळी बोट टोचून पाहिलं तर साखर चढलेली होती. एवढी का, ते कळेना.

रात्री अंथरूण घालताना तिच्या उशीच्या अभ्र्यावर मुंग्यांची एक सरळ ओळ चाललेली दिसली.

नणंदेचा फोन नेमका तेव्हाच आला. ताई मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे फोनवरही ती तलावाच्या पलीकडच्या काठाशी बोलावं तशी बोलायची.

“वहिनी! कशी आहेस? खरं सांग, गोड बोलू नकोस.”

“बरी आहे.”

“बरी आहेस तर आवाज का असा उपाशी मांजरासारखा? हे बघ, मी शनिवारी येते आणि खारूला घेऊन जाते. तुझी गाडी रुळावर येईपर्यंत राहील माझ्याकडे. दादाशी बोललेय मी.”

दादा म्हणजे तिचा नवरा. तो लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोनदा घरी टेकायचा. येताना रस्त्यावरच्या चहाच्या दुकानांतून कागदात गुंडाळलेले साखरेचे चौकोनी खडे खिशात घालून आणायचा. चांदीचा कागद, निळा कागद, घोड्याचं चित्र असलेला कागद. खारूला त्या कागदांचं भारी वेड. ती ते खडे कपाटामागे, गादीखाली, बुटांत कुठेकुठे दडवून ठेवायची. तिचं नावच त्यावरून पडलेलं.

“ताई, ती माझ्याशिवाय राहायची नाही.”

“ती राहील गं. तू राहणार नाहीस, ते सांग.” ताईचा आवाज एकदम खाली आला. “वहिनी, दुपारभर तुम्ही दोघीच असता. तुला चक्कर आली, पडलीस बिडलीस, तर ती पाच वर्षांची पोर काय करणार? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.”

“एवढं काही झालेलं नाही.”

“नाही झालं ना? मग शनिवारी मला तसं दाखव. घर ताळ्यावर दिसलं, तू ताळ्यावर दिसलीस, तर मी चहा पिऊन परत. शप्पथ.”

फोन ठेवल्यावर तिने मुंग्या झटकल्या आणि अभ्रा बदलला. चिमट्यांचं ताईला सांगावं, असं क्षणभर मनात आलं होतं. पण सांगायचं तरी काय? की घरात आणखी कोणीतरी आहे, आणि ते आमचे चिमटे हलवतं?

तसं ते मनात यायला लागलं होतं खरं. उठून बसावं तर अंगावर पांघरूण असे, आणि आपण पांघरूण घेतल्याचं आठवत नसे. खुर्चीशेजारी पाण्याचा पेला असे, अर्धा प्यालेला. एकदा अर्धवट झोपेत तिला खारूचं बोलणं ऐकू आलं होतं. हळू, अदबशीर. “तुम्ही जरा थांबा हं. आत्ता होईल.” खारू तिला कधी अहो-जाहो करत नसे, तेव्हा ही गिऱ्हाईक-गिऱ्हाईक खेळत असावी, असं म्हणून ती पुन्हा धुक्यात बुडाली होती.

शुक्रवारी तो कोट झाला.

गडद निळा, जड कोट. नाटकगृहाच्या दारात तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याचा. डाव्या बाहीला कसरीने खाल्लेलं भोक होतं, चांगलं नखाएवढं. त्याच्या कडा साफ करून ती आडवी झाली होती. उठून आली तर कोट खुर्चीच्या पाठीवर नीट टांगलेला, आणि बाहीला भोक नव्हतं.

तिने बाही उजेडात धरली. उलटी केली. भिंग लावलं. उभे धागे, आडवे धागे, एक वर एक खाली, कुठे ओढ नाही, कुठे ढील नाही. आतल्या बाजूला गाठ न मारता धाग्याचं टोक तीनदा मागे वळवून दडवलेलं होतं. ही तिची स्वतःची पद्धत. आईने शिकवलेली, बाकी कोणाला येत नसलेली. काम तिच्याच हाताचं होतं, आणि तापानंतर तिच्या हाताला न जमणारं होतं. हल्ली तिची बोटं थरथरायची. हे काम करणारीची बोटं थरथरत नव्हती.

“छान झालंय,” मागून खारू म्हणाली.

“कोणी केलं गं?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

खारूने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “झालं ना?” ती मोठ्या माणसासारखी म्हणाली. “मग राहू दे.”

तिने कोट घडी करून ठेवला. ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण त्याला फक्त बोटांच्या टोकांनी धरलं आहे.

शनिवारी तिने सकाळपासून घर आवरायला घेतलं. जिना झाडला, काचा पुसल्या, गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेला उभा आरसा ओल्या कागदाने घासून लख्ख केला. ताई चारच्या सुमाराला येणार होती. शनिवारी बालवाडी लवकर सुटे. खारूला आणलं, तिचे केस विंचरले, तिला स्वच्छ फ्रॉक घातला. “आज आत्या येणारे. घरात पसारा नको, राजा,” असं सांगितलं. आणि मग, पाठ एवढी भरून आली होती की, पाच मिनिटं पलंगाला टेकली.

डोळे उघडले तेव्हा घरात कोणीतरी बोलत होतं.

“थोडंसं टोचेल हं. झालंच. आता दहापर्यंत मोजायचं, पेन काढायचं नाही.”

शब्द तिचे होते. सूरही तिचाच, शेवटी किंचित वर जाणारा. पण तोंड तिचं मिटलेलं होतं. अनवाणी, भिंतीला हात लावत, ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

खारू जमिनीवर बसली होती. मांडीवर चिंधीची बाहुली, हातात पेनचं रिकामं टोपण. बाहुलीच्या पोटावर टोपण दाबून ती मोजत होती. दहा झाले, तसं तिने बाहुलीचा फ्रॉक नीट केला, तिला भिंतीशी बसवलं, स्टूल ओढलं, त्यावर चढली, आणि दोरीवरचा दुपारचा चिमटा डावीकडून उजवीकडे नेऊन लावला.

तिला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती दाराच्या चौकटीलाच टेकून बसली. एवढंच होतं तर! पोर बाहुलीला सुई देत होती, आणि सुई दिली की चिमटा हलवायचा हा घरचा नियम पाळत होती. आपण मात्र चिमटा पाहून दुपारच्या सुया चुकवत होतो, आणि साखर चढते म्हणून तापाला दोष देत होतो.

खारू स्टुलावर दचकली. “आई?”

“ये इकडे, लबाड.” तिने तिला कुशीत ओढलं. “रागावले नाहीये. पण हे चिमटे खेळायचे नाहीत, हं? हे आईच्या औषधाचे. बाहुलीसाठी मी तुला वेगळा चिमटा देते, छोटा, पिवळा.”

“मी खेळत नव्हते.”

“बरं बाई, नव्हतीस.”

“खरंच. चिमटा बाहुलीचा नाही. सुई घेतली म्हणून—”

“कोणी घेतली? मी तर आत्ता उठतेय.” तिने लेकीच्या केसांवर ओठ टेकले. तिच्या केसांना कसला वास येतो ते आठवायचा प्रयत्न केला, आणि नेहमीसारखं काही आलं नाही. “ऐक ना, राजा. चिमटा फक्त आईने हलवायचा. शहाणी ना माझी?”

खारू गप्प झाली. मोठी माणसं ऐकणार नाहीत हे कळल्यावर मुलं ज्या तऱ्हेने गप्प होतात, तशी.

तिने बोट टोचलं. साखर ठीक होती, जेवणाआधी असावी तशी, किंचित चढतीच. तिने चिमटा पुन्हा डावीकडे आणला, पेनला नवी सुई लावली, पोटाची चिमूट धरली, टोचलं, मोजलं. आणि मग कितीतरी दिवसांनी, मनात जराही शंका न ठेवता, तो लाल चिमटा स्वतःच्या हाताने उजवीकडे नेला.

जेवण झालं. ताटाला चव नव्हती, पण तिला त्याचं आज काही वाटलं नाही. ताई आली की तिला हा बाहुलीचा किस्सा रंगवून सांगायचा, असं तिने ठरवलं. ताई पोट धरून हसेल. चहा पिईल. जाईल. म्हाताऱ्याच्या कोटाचं एक बटण सैल होतं, तेवढं करून टाकावं म्हणून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

बटणाच्या चार भोकांतलं दुसरं भोक सापडेना.

तिने सुई पुढे नेली, आणि भोक जरासं सरकलं. पुन्हा नेली. पुन्हा सरकलं. कोटाचा निळा रंग पातळ व्हायला लागला, पाण्यात शाई सोडावी तसा. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा वाजली आणि वाजतच राहिली. कपाळावरून गार काहीतरी ओघळलं. उकडत तर नाहीये, तिला वाटलं. मग वाटलं, हे ओळखीचं आहे. ह्याला नाव आहे. ह्या वेळी काय करायचं ते मला शाळेपासून पाठ आहे. पण ते नाव कुठल्यातरी खणात होतं, आणि तो खण कुठल्या घरातला ते आठवत नव्हतं.

समोर आरशात एक बाई बसली होती.

खिडकीशी, मांडीवर निळा कोट घेऊन. चेहरा पांढुरका, केस कपाळाला चिकटलेले. पण हात चालत होता. शांत, एकसारखा, सुई खाली, सुई वर. आपले हात तर मांडीवर गप्प पडलेत, असं तिला वाटत होतं. मग ही कोण? आणि किती सुरेख शिवते आहे. तिला त्या बाईची भीती वाटली नाही. उलट वाटलं, हिला कोणीतरी विचारायला हवं की बाई गं, तू इतका वेळ एकटीच बसली आहेस का?

दाराशी एक लहान मुलगी येऊन उभी राहिली. स्वच्छ फ्रॉक, विंचरलेले केस. कोणाची तरी मुलगी.

“तुम्ही आलात?” मुलगी म्हणाली.

आरशातल्या बाईने पुढचा टाका घातला. तिचा हात चालत होता.

“आज दुसऱ्यांदा आलात. ती जेवलीसुद्धा.” मुलगी जवळ आली. तिने आधी बाईच्या बोटांतली सुई काढून घेतली, अगदी सावकाश, मांजराच्या तोंडातून काही काढून घ्यावं तशी, आणि सुयांच्या उशीत खोचली. मग आपल्या बुटात हात घातला. चांदीचा कागद चुरचुरला. “हं. तोंड उघडा. चावू नका, नुसतं ठेवा.”

जिभेवर काहीतरी खरखरीत आलं. विरघळलं. अजून एक. मग निळा कागद. मग घोड्याचा.

“रडू नका,” मुलगी म्हणाली. “आई येईल आता. तुम्ही घाबरू नका. ती नेहमी येते.”

पेल्याची कड ओठांना लागली. पाणी साखरेचं असावं. अर्ध्या चवीलाही ते कळलं. मुलगी समोर पाटावर बसली आणि तिचा चेहरा न्याहाळत राहिली, उकळी यायची वाट बघत दुधाकडे बघावं तशी.

कोटाला हळूहळू त्याचा निळा परत आला. सायकलची घंटा थांबली. सायकल केव्हाच निघून गेली होती. आरशात खिडकी होती, खुर्ची होती, आणि खुर्चीत ती होती, घामाने चिंब, हनुवटीवर साखरेचे कण.

“आई?” खारूने विचारलं.

“हं.”

“गेल्या बाई,” खारू सुटकेने म्हणाली, आणि कागद गोळा करायला लागली.

तिने बोट टोचलं. साखर अजून खालीच होती, पण वर यायला लागली होती. तिने पावाचा तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला, पुन्हा चावला. इन्शुलिन दोनदा घेतलं होतं. एकदा तिने, आणि त्याच्या आधी एकदा—

“खारू.” तिने तोंडातला घास गिळला. “त्या बाई. रोज येतात?”

“रोज नाही. दुपारी. तू झोपलीस की कधीकधी उठून येतात.”

“काय करतात?”

“शिवतात. सुई घेतात. पण चिमटा हलवायला विसरतात, म्हणून मी हलवते. त्यांच्यासाठी.” तिने बाहुलीला कडेवर घेतलं. “मग त्यांना घाम येतो. मग मी साखर देते. तूच सांगितलं होतंस ना, तुला घाम आला की साखर द्यायची. मी म्हटलं, त्यांनाही चालेल.”

“तुझ्याशी बोलतात?”

“नाही. मी कोण ते त्यांना माहीत नसतं.”

पोरीने हे अगदी सहज सांगितलं. तिने लेकीचा हात धरला. हात चिकट होता, आणि उबदार.

“तुला भीती नाही वाटत?”

खारूने विचार केला. “पहिल्यांदा वाटली. पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाटते.”

“मला का नाही सांगितलंस कधी?”

“तू घाबरली असतीस,” खारू म्हणाली.

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, लांब, दोनदा. असा हॉर्न गल्लीत एकच बाई वाजवायची. पाठोपाठ जिन्यावर तिची पावलं, आणि पावलांच्या आधी आवाज. “आहात का घरात कोणी?”

तिला अजून वेळ होता. तोंड पुसायला, केस सारखे करायला, कागद फेकायला. बाहुलीचा किस्साही तयार होता, रंगवून सांगता येण्याजोगा. खारूने तिच्या बाहीला धरलं.

“आई, मी आत्याकडे गेले तर बाईंना साखर कोण देणार?”

ताई दारात उभी राहिली तेव्हा ती तशीच खुर्चीत बसली होती, हनुवटीवरचे साखरेचे कण तसेच, मूठभर चांदीचे कागद मांडीवर.

“अगं बाई!” ताईने पिशवी खाली टाकली. “काय झालं? वहिनी?”

“मी दोनदा सुई टोचून घेतली, ताई. आधीची आठवलीच नाही.” ती सगळं बोलली. चिमट्यांचं, मुंग्यांचं, साखरेचं. कोटाचं तेवढं राहिलं. ते शब्दांत बसेना. ताईने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि ताईच्या आयुष्यात ही गोष्ट नवीनच होती. तिने फक्त खारूला जवळ ओढून घेतलं होतं.

“म्हणजे पोरीला आता न्यायलाच हवं,” शेवटी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तुला कळतंय ना, वहिनी? ह्या वयात हिने तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं?”

“कळतंय. न्या तिला.” तिने खुर्चीचा हात धरला आणि उठून उभी राहिली. “पण मलाही न्या. मला आजारी म्हणून कोणाच्या घरी जाऊन पडायचं नव्हतं, ताई. दुपारी माझ्याजवळ मोठं माणूस हवं. तेवढं मागायचं मी टाळत होते.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग एकदम नेहमीचा आवाज लावला, डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून लावतात तसा. “तुमच्या घरात बॅग आहे की मी पोहण्याच्या पिशवीत भरू सगळं? आणि ते चिमटे घे. माझ्याकडे दोरी आहे, चिमटे नाहीत. मी सगळं वाळत टाकते आणि सगळं उडून जातं.”

इन्शुलिनचा डबा, मीटर, कपडे, म्हाताऱ्याचा कोट, बाहुली. खारूने घरभर फिरून आपले बाकीचे खडे गोळा केले; एवढे निघाले की ताई थक्क झाली. दोघी जिना उतरल्या, ती कठड्याला धरून, ताई तिच्या दंडाला धरून. खारू सगळ्यात मागे होती. कुलूप लावण्याआधी ती एकदा आत धावत गेली, खिडकीजवळच्या खुर्चीशी काहीतरी पुटपुटली, आणि परत आली.

ताईने गाडी सुरू केली. ती मागच्या सीटवर बसली, बॅग पायाशी घेऊन, दमलेली. खारू दार धरून रस्त्यावरच उभी.

“अगं, बस ना आत,” ताई पुढून म्हणाली. “दार लाव. मागे गाड्या आल्यात.”

“थांब, आत्या.”

खारू दार उघडं धरून उभी राहिली, पाहुण्यांसाठी धरतात तसं. मग वाकून तिच्याकडे बघत हळूच म्हणाली, “आई, सरक ना जरा. त्यांना बसू दे.”

तिने खारूच्या तोंडाकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेली बॅग मांडीवर घेतली, आणि खिडकीकडे सरकली.